वारा पडला म्हणजे फवारणीला मोकळीक नव्हे

दर खरिपात फवारण्या सुरू झाल्या की बांधावरची भांडणेही सुरू होतात. आमच्या भागात एकाने मक्यात २,४-डी हे तणनाशक मारले आणि आठ-दहा दिवसांत शेजाऱ्याच्या कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरली. प्रकरण हातघाईवर आले. मारणारा म्हणाला, "साहेब, वारं अजिबात नव्हतं हो. पहाटे पान सुद्धा हलत नव्हतं." तो खोटे बोलत नव्हता. पण घोळ नेमका तिथेच झाला.

निरभ्र रात्री जमीन थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती खाली बसते. तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण बसते. चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरतो, तो यामुळेच. अशा हवेत फवाऱ्याचे बारीक थेंब ना वर जातात, ना लवकर खाली बसतात. ढग करून तरंगतात आणि हवेची जरा झुळूक आली की शेजारी सरकतात.

हिशोब करून पाहा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब तीन मीटरवरून साधारण १० सेकंदांत खाली येतो. त्याच्या पाचपट बारीक थेंबाला चार मिनिटे लागतात. ताशी ५ किलोमीटर वाऱ्यात तेवढ्या वेळात तो तीनशे मीटरवर जातो. म्हणजे बांध ओलांडून तिसऱ्या शेतात!

दुपारचेही तसेच. ऊन तापले की जमिनीलगतची हवा उसळून वर जाते, भोवरे उठतात, वारा घडीघडीला दिशा बदलतो. थेंब वाळून आणखी हलके होतात. शिवाय २,४-डीचा इथाइल इस्टर प्रकार फवारल्यावरही वाफ होऊन उडतो.

मग फवारावे कधी? ऊन वर आले, धूर सरळ चढू लागला आणि ताशी ५ ते १२ किलोमीटर असा एकाच दिशेचा वारा असला की. वारा तोंडाला लागतो, पाने सळसळतात, एवढी खूण पुरे. धूळ-पाचोळा उडू लागला की पंप खाली ठेवा. जमिनीपासून जितके वर तितका वारा जास्त, म्हणून नोझल पिकाच्या जवळ धरा. तणनाशकाला जाड थेंबाचे नोझल वापरा. शेजारी कपाशी किंवा द्राक्ष असेल आणि वारा तिकडे असेल, तर त्या दिवशी तणनाशक नकोच.

प्रश्न फक्त पिकाचा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, पण डोक्याइतकी वाढलेली कपाशी हेही त्यात होते. दाट पिकात वारा शिरत नाही, औषध माणसाभोवतीच कोंडते. मास्क, हातमोजे, पूर्ण कपडे हवेतच. वाऱ्यासमोर तोंड करून तर फवारूच नये.

आता ड्रोन आले आहेत. महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन देण्याची योजना केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. कष्ट वाचतील, माणूस औषधापासून दूर राहील, हे चांगलेच. पण ड्रोन एकरी सुमारे दहा लिटर पाण्यात काम उरकतो. त्यामुळे थेंब बारीक असतो आणि सुटतो तोही पिकाच्या वरून. म्हणून वाऱ्याचा नियम इथे जास्त कडक पाळावा लागेल. हवाई फवारणीची सूचना गावाला २४ तास आधी द्यायची असते. ग्रामसेवक व सरपंचांनी ती फळ्यावर लावावी, फवारणीची वेळ व वाऱ्याची दिशा वहीत नोंदवावी. पुढे पंचनाम्याला तीच कामी येते.

टाळता येण्याजोगे असे नुकसान पीकविम्यात बसत नाही. भरपाई मागायची ती शेजाऱ्याकडेच, आणि त्यात पिढ्यांचा शेजार तुटतो. तेव्हा पंप पाठीवर घेण्याआधी मूठभर काडीकचरा पेटवून धूर कुठे जातो ते पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.