घर आणि यंत्र : गाडीच्या आत शिरणारा धूर

रायपूर शहर मागे टाकून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात बीरगांव येते. जवळच उरला, पुढे सिलतरा. लोखंडाचे आणि पोलादाचे कारखाने, आणि त्यांचा माल वाहणाऱ्या मालमोटारींची व हायवांची अखंड रांग. या रस्त्याने बायकामुलांना घेऊन जाणारा गृहस्थ सवयीनेच काचा वर चढवतो आणि धूर बाहेर राहिला असे समाधान मानतो. हे समाधान अगदीच निराधार नाही. परंतु ते पुरतेही खरे नाही. काही गाड्यांत धूर रस्त्यावरून येत नसतो, तो त्याच गाडीच्या पोटातून वर येत असतो. अशा वेळी चढवलेल्या काचा आपले रक्षण करीत नाहीत. उलट विषाला आपल्यासोबत कोंडून ठेवतात.

थंडीच्या दिवसांत या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. लग्नसराई सुरू झालेली असते. रायपूर-बीरगांवकडील मराठी कुटुंबे सोयऱ्यांकडे नागपूर-विदर्भात पाच-सहा तासांचा प्रवास करून जातात. काचा बंद, मागच्या आसनावर मुले झोपलेली, डिकीत सामान ठासून भरलेले. मुलाचे डोके दुखले तर आपण म्हणतो, गाडी लागली असेल. म्हातारी आई ग्लानीत गेली तर म्हणतो, जागरण झाले आहे. प्रत्येक वेळी कारण तेच असेलही. पण दुसरे कारण कोणते असू शकते, हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असले पाहिजे.

शत्रूची ओळख

इंजिनात इंधन पूर्णपणे जळाले नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. रक्त वाहत राहते, श्वासही चालू राहतो, परंतु मेंदूला व हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी ही क्रिया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उलगडली. पुढे १८९०च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले, आणि माणसाच्या आधी धोका जाणवावा म्हणून खाणींत लहान प्राणी व पक्षी नेण्याची कल्पना मांडली.

हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे २०० भाग असले तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० भागांत पाऊण तासात चक्कर व मळमळ सुरू होते. १६०० भागांत एका तासाच्या आत प्राण जाऊ शकतो. आता जुन्या, स्वच्छक यंत्रणा नसलेल्या पेट्रोल गाडीच्या धुरात हा वायू शेकडा तीन भागही असू शकतो. म्हणजे दहा लक्षांत तीस हजार! गाडीची खोली किती लहान असते ते पाहिले, की अशा धुराची बारीकशी गळतीही हलक्यावारी नेण्यासारखी का नाही, ते सहज ध्यानी येईल.

नव्या गाड्या पुष्कळ सुधारल्या आहेत. देशातील चार महानगरांत १९९५पासून नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. १ एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज-६ हे कडक मानक लागू झाले. तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणून थंड इंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे धूर विषारीच असतो. आणि गळती कन्व्हर्टरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाजवळ असेल, तर बाहेर पडणारा वायू शुद्ध झालेलाच नसतो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ कमी असतो. पण त्यातील काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडे डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपायकारकच असतात.

धूर येतो कोठून?

वाटा मुख्यतः चार आहेत. पहिली वाट इंजिनाजवळची. मॅनिफोल्डला तडा गेला किंवा त्याचे गॅस्केट जळाले म्हणजे धूर बोनेटखाली साचतो. आत ताजी हवा ओढणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते; तीच या धुराला आत बोलावते.

दुसरी वाट गाडीच्या तळाची. सायलेन्सर आणि त्याचे पाईप गंजतात, सांधे सैल होतात. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटेल. लांबच्या प्रवासात ही वाफ तापलेल्या नळीतून निघून जाते. पण घर ते बाजार, घर ते शाळा असे लहान फेरेच झाले, तर ते पाणी सायलेन्सरात साचते आणि त्याला आतून खाते. वर पावसाळ्यातील चिखलपाण्याची भर पडते. सायलेन्सरला भोक आणि पत्र्यालाही भोक, असा योग जुळला की धुराला जिनाच मिळतो. तारा व दांडे ज्या छिद्रांतून आत येतात त्यांची रबरे, तसेच गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर, हीदेखील याच वाटेवरची दारे होत.

तिसरी वाट मागची, आणि तिच्याविषयी अज्ञान सर्वांत अधिक. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरातून निघालेला धूर तेथेच घुटमळतो. डिकीचे दार अर्धवट उघडे असले तर हा धूर चक्क आत ओढला जातो. लग्नाचे सामान, कपाट किंवा सायकल डिकीत मावली नाही म्हणून दार दोरीने बांधून निघणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट. पण मागे मुले बसली असता ती कदापि करू नये. डिकीचे रबर फाटलेले असले, मागच्या दिव्यांचे पॅकिंग गेले असले, तरी परिणाम तोच, फक्त सावकाश.

चौथी वाट माणसाने स्वतः पाडलेली. कर्णा, स्पीकर, कॅमेरा, जादा दिवे बसविताना पत्र्याला भोके पाडली जातात आणि ती बुजवली जात नाहीत. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१६मध्ये फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांत धूर येण्याच्या तक्रारींची चौकशी आरंभली. जुलै २०१७मध्ये ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी अशा सुमारे ४०० गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. चौकशी जानेवारी २०२३मध्ये संपली, तेव्हा असे आढळले की वायूचे प्रमाण सर्वाधिक होते ते मागून धडक बसलेल्या, किंवा पोलिसी उपकरणांसाठी पाडलेली भोके नीट न बुजवलेल्या गाड्यांत. सामान्य गृहस्थानेही यावरून बोध घ्यावा : मागून धक्का लागल्यावर केवळ रंग लावून गाडी परत आणू नये, आतले सांधे पाहून घ्यावेत.

शाळेची व्हॅन हा प्रश्न वेगळ्या आस्थेने पाहण्याजोगा आहे. ओम्नी व ईको या घडणीच्या गाड्यांत इंजिन पुढच्या आसनांखालीच असते. वरचे झाकण, त्याचे रबर आणि चिमटे हाच काय तो इंजिन व माणसे यांमधील पडदा. घाईत झाकण नीट बसवले नाही, तर पडदाच उरला नाही. आपले मूल अशा व्हॅनमधून जात असेल, तर चालकाशी गोडीने बोलून ते झाकण एकदा पाहून घ्या. त्यात संकोच कसला?

उभी गाडी अधिक घातकी

गाडी धावत असताना निदान हवा हलते तरी. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून, वातानुकूलन सोडून झोपणे हे जिवाशी खेळणे आहे. डिसेंबर २०२४मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्थेच्या तज्ज्ञांनी प्रयोग करून पाहिला, तेव्हा जनरेटरचा धूर तळाच्या छिद्रातून आत शिरून दोन तासांत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दहा लक्षांत ९००च्या वर गेल्याचे दिसले. कारखान्याच्या फाटकाबाहेर रात्रभर ताटकळणाऱ्या चालकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ही हकीकत मनात ठेवावी. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. दार किलकिले ठेवल्याने धोका टळत नाही.

घरच्या घरी तपासणी

सकाळी थंड इंजिन सुरू करून बोनेट उघडे ठेवा व कान द्या. टकटक किंवा फुसफुस असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो मंदावत असेल, तर मॅनिफोल्डच्या सांध्याचा संशय घ्यावा. सांध्यांभोवती काळी काजळी दिसणे ही गळतीची खूण होय. सायलेन्सरचा आवाज पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर त्याकडे काणाडोळा करू नये.

दारांच्या व डिकीच्या रबरांसाठी कागदाची पट्टी पुरे. पट्टी मध्ये धरून दार लावा व ओढा. ती अडखळत निघाली तर रबर ठीक. सहज सुटली तर तेथे फट आहे. रात्रीच्या अंधारात डिकीत प्रखर दिवा ठेवून बाहेरून पाहिले, तर उजेडाची रेघ भोकाची जागा दाखवते. तळाची चटई उचलून पत्रा ओला वा गंजलेला आहे काय, तेही पाहावे.

पुढचे काम मिस्त्रीचे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, गाडी वर चढवून सायलेन्सरची संपूर्ण नळी तपासून घ्या. कापडी पट्टी गुंडाळून किंवा लेप थापून केलेली दुरुस्ती गावापर्यंत पोहोचण्यापुरती मानावी. त्यापुढे वेल्डिंग करावे अथवा नवा भाग घालावा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र हाती असले म्हणजे गाडी निर्दोष, असे नव्हे. ती तपासणी नळीच्या शेवटी होते. मध्येच कोठे गळती आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. तसेच वातानुकूलनाची गाळणी धूळ अडवते, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे लहान यंत्र मिळते. जुनी गाडी लांबच्या प्रवासास वापरणाऱ्यांनी ते जवळ बाळगणे शहाणपणाचे आहे.

वाटेत असताना

पुढची मालमोटार काळा धूर सोडीत असेल, तर तिच्या मागोमाग न राहता अंतर वाढवा आणि तेवढा वेळ आतलीच हवा फिरवण्याची कळ दाबा. रस्ता मोकळा होताच पुन्हा ताजी हवा सुरू करा. कारण कोंडलेल्या हवेत प्रवाशांच्या उच्छ्वासाचाच वायू साचून चालकाला झापड येते. मात्र धूर आपल्याच गाडीचा आहे असा संशय येताच या कळांचा खेळ करीत बसू नका. काचा उघडा, गाडी सुरक्षित जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि सर्वांना खाली उतरवा.

लक्षणे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. एकाच गाडीतील दोघा-तिघांचे डोके एकाच सुमारास दुखू लागले, मळमळ सुरू झाली आणि बाहेर उतरल्यावर बरे वाटले, तर गाडीवर संशय घ्या. लहान मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांना धोका अधिक. आईला फारसे न जाणवताही गर्भाला इजा होऊ शकते. कोणी गुंगीत असेल किंवा शुद्धीवर नसेल, तर मोकळ्या हवेत आणून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असल्यास छाती दाबून कृत्रिम श्वास देण्यास आरंभ करा. रुग्णालयात ‘गाडीचा धूर’ हे शब्द स्पष्टपणे सांगा. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवते. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरला असतानाही ते आकडा चांगलाच दाखवते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर दीड तासाच्या आत. म्हणूनच येथे उशीर परवडत नाही.

वाचकहो, गाडीचे तेल, टायर, बॅटरी यांची आपण आठवणीने चौकशी करतो, कारण त्यांचा बिघाड झाला की गाडी थांबते. धुराची गळती झाली तर गाडी थांबत नाही, ती सुरेख चालत राहते. आणि म्हणूनच आपण ती लांबणीवर टाकतो. पुढच्या लग्नाला निघण्यापूर्वी आहेर, मिठाई, मुलांचे स्वेटर यांची यादी कराल, तेव्हा तिच्या माथ्यावर एक ओळ लिहा : सायलेन्सर आणि डिकीचे रबर पाहणे.