दुसऱ्या टोकाला कोण आहे?

२६ फेब्रुवारी २०२५ ची सकाळ वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. नागपूरजवळ जामठ्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना, विदर्भ विरुद्ध केरळ. सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता तोच विदर्भ ३ बाद २४. खेळपट्टीवर होता दानिश मालेवार, वय वर्षे एकवीस, पहिलाच रणजी मोसम. त्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला करुण नायर, वय तेहतीस, आणि तो विदर्भाचा नव्हताच. तो आपल्या कर्नाटकचा. दोघांनी मिळून २१५ धावा जोडल्या. दानिशनं १५३ केल्या, करुण ८६ वर धावबाद झाला. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. २ बाद ७ वरून हीच जोडी, १८२ ची भागीदारी, या वेळी करुणचं शतक आणि दानिशचे ७३. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला.

आमच्या घरात रणजीच्या दिवसांत दोन पार्ट्या असतात. मुलगा कर्नाटकवाला, हे महाराष्ट्रवाले. त्या पाच दिवसांत मात्र दोन्ही पार्ट्या विदर्भाकडे. सासूबाईंना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण "नम्म हुडुगा" खेळतोय म्हटल्यावर त्याही टीव्हीसमोर बसल्या.

रणजीत राज्याच्या संघाला बाहेरच्या राज्याचे तीन खेळाडू घेता येतात. त्यांना ‘प्रोफेशनल’ म्हणतात. पैसे मोजून आणलेला, बहुधा तिशी ओलांडलेला, नाव झालेला माणूस. विदर्भाच्या त्या संघात करुणसारखाच दिल्लीचा ध्रुव शोरीही होता. आता यात अडचण अशी की संघात माणसं अकराच. तीन पाहुणे आले की गावची तीन पोरं बाहेर बसली. ती तीन पोरं कोणाच्या तरी घरची असतात.

हे मला कळलं ते ग्वाल्हेरला. माझी मोठी आत्या लग्न होऊन तिकडे गेली, नई सडकेवर तिचं घर आहे. लष्कर भागातला हा गजबजलेला रस्ता. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला तिथे हे शहर वाढलं, म्हणून नावच लष्कर. तिथली मराठी घरं आपल्यासारखीच दोन भाषांत जगतात. आपण मराठीत बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतो, ते हिंदीत शिरतात. आत्याचा नातू एकोणीस वर्षांचा, सलामीचा फलंदाज, तिथल्या एका क्लबकडून खेळतो. गेल्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा घरात वातावरण तंग होतं. क्लबनं बाहेरगावचा एक अडतीस वर्षांचा, पूर्वी रणजी खेळलेला फलंदाज आणायचं ठरवलं होतं. कारण काय, तर ‘पोरांना वळण लागेल.’ तोही सलामीचाच.

"आत्या, वळण मला लागणार आणि खेळणार तो. मी काय पाणी नेत बसू?" असं त्यानं मला विचारलं. माझा आतेभाऊ, म्हणजे त्याचे वडील, उलट बाजूचे. त्यांचं म्हणणं, चार मोसम आपल्या अकलेनं खेळून जे येत नाही ते अशा माणसाजवळ एका मोसमात येतं. त्यांनी अमेरिकेतल्या फुटबॉलचा दाखला दिला. तिथे क्वार्टरबॅक म्हणून एक जण असतो, संघाचा सगळा डाव त्याच्या हातून चालतो. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीच्या संघानं पॅट्रिक महोम्स हा नवा मुलगा घेतला, पण वर्षभर खेळवलं अनुभवी अॅलेक्स स्मिथला. महोम्सला त्या नियमित मोसमात एकच सामना सुरुवातीपासून मिळाला. पुढच्या वर्षी स्मिथ दुसऱ्या संघात गेला, महोम्सकडे सूत्रं आली आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्या संघानं तिथली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. "बघ, वर्षभर बसला म्हणून बिघडलं का?" असं आतेभावाचं म्हणणं.

मला हा दाखला पटला नाही, आणि मी तो तिथेच खोडला. त्या खेळात क्वार्टरबॅकची जागा एकच. जुना खेळला की नव्यानं बसायचंच. क्रिकेटमध्ये फलंदाजीला दोन टोकं आहेत. जुन्याला एका टोकाला आणि नव्याला दुसऱ्या टोकाला उभं करता येतं. एवढी सोय ज्या खेळानं दिली आहे, त्यात पोराला पाण्याच्या बाटल्या घेऊन बसवायचं आणि त्याला शिकवणं म्हणायचं, हे काही खरं नाही.

आत्या तोवर गप्प होती. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे गाणं शिकवायचे तसंच हे." खरंच की! ग्वाल्हेर घराण्याची रीतच ती. शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसतो, मैफल गुरूची असते, पण मधूनमधून एखादी जागा तो शिष्यासाठी मोकळी सोडतो. आपल्या भागाला हे सांगायला नको. आपल्याकडचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर या गाण्यासाठी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे जाऊन राहिले. पुढे त्यांचे शिष्य नीलकंठबुवा अलूरमठ, आणि अलूरमठांकडे मिरजेत पहिले धडे घेतले ते धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी. ग्वाल्हेरचं गाणं कन्नड मुलखात पोचलं ते असं, एकामागे एक बसून. तानपुरा धरणारा मैफिलीत असतो, बाहेर ओट्यावर नव्हे. भर मैफिलीत, लोकांसमोर, त्याला सूर लावावा लागतो. भाचेबुवांना हे उदाहरण फारसं रुचलं नाही, तो भाग वेगळा.

विदर्भानं हेच केलं, आणि एकदाच नाही. मुंबईचा वसीम जाफर हा सगळी कारकीर्द सलामीला खेळलेला माणूस. विदर्भात तो तिसऱ्या क्रमांकावर आला, कारण सलामीला फैज फजल आणि तरुण संजय रामास्वामी ही घरची जोडी जमली होती. ती मोडली नाही. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. त्याच संघात दावणगेरेचा गणेश सतीशही होता. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला या संघानं कर्नाटकला पाच धावांनी हरवलं (आमच्या मुलाला अजून ते दुःख आहे), मग इंदूरला दिल्लीला नमवून विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. पुढच्याच मोसमात पुन्हा. त्या दुसऱ्या मोसमात चाळिशीतल्या जाफरनं १०३७ धावा केल्या. उत्तराखंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं २०६ काढल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला संजय होता, त्यानंही शतक ठोकलं. शिकवणी कुठे झाली म्हणाल, तर तिथे, बावीस यार्डांवर.

आणि या १०३७ धावा महत्त्वाच्या आहेत. धावा न करणारा ज्येष्ठ पोरांना काय सांगणार? फक्त सल्ल्यासाठी माणूस हवा असेल तर त्याला प्रशिक्षक म्हणून ठेवा, त्याला वेगळी खुर्ची आहे. आमच्या स्टाफरूममध्येही नव्या लेक्चररला ‘मार्गदर्शन’ करायला पुष्कळ ज्येष्ठ तयार असतात, पण आपला तास त्याला बसून ऐकू देणारे थोडेच. मी नवीन होते तेव्हा एका बाईंनी वर्गात मागच्या बाकावर बसू दिलं होतं. त्या वर्षभरात त्यांनी मला सल्ला असा एकही दिला नाही.

चंद्रकांत पंडितांची गोष्ट तर ग्वाल्हेरवाल्यांच्या अधिक जवळची. तेही मूळ मुंबईचे, शिस्तीला खडूस म्हणून प्रसिद्ध, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशकडून खेळायला आलेले. १९९८-९९ चा रणजी अंतिम सामना बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर झाला. समोर कर्नाटक, मध्य प्रदेशचे कर्णधार पंडित. पहिल्या डावात आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे संघ कोसळला. आपल्याकडे त्या दिवशी आनंद होता, मध्य प्रदेशात घराघरात सुतक. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर पंडित प्रशिक्षक म्हणून उभे होते आणि मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं, राज्याचा पहिला रणजी करंडक. पहिल्या डावात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार अशी तीन शतकं, तिन्ही घरच्या मुलांची. १९९९ मध्ये पाहुण्या कर्णधारावर झालेला खर्च तेव्हा वाया गेला असंच कुणीही म्हणालं असतं.

मात्र हे सगळीकडे जमत नाही, हेही सांगायला हवं. ज्या संघाकडे आपली पोरंच तयार नाहीत तो दरवर्षी तीन नवे पाहुणे आणतो, ते धावा करून निघून जातात आणि चौथ्या वर्षी पाटी कोरीच. विदर्भाकडे स्वतःची अकादमी होती, खालून मुलं येत होती. पाहुण्याच्या हाताखाली द्यायला कोणी असेल तरच पाहुणा कामाचा. बैलजोडीत एक जुना, एक नवा जुंपतात, दोन्ही विकत घेतलेले जुने असले तर नवा कधी तयार व्हायचा?

नई सडकेवर मी आतेभावाला इतकंच म्हटलं की क्लबवाल्यांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. येणारा माणूस सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर खेळायला तयार आहे का? करार दोन मोसमांचा आहे की मर्जी असेपर्यंतचा? आणि सराव तो पोरांबरोबर करणार की सामन्याच्या आदल्या दिवशी येणार? तिन्हींचं उत्तर सरळ आलं तर आणा, वाढवून पैसे द्या. पहिल्याच प्रश्नाला आढेवेढे घेतले तर नातवाला दुसरा क्लब बघू दे. भाचा यावर म्हणाला, "चौथ्यावर आला तर मला आधी टिकावं लागेल, तेव्हा तो दिसणार!" हे मात्र त्याचं बरोबर होतं.

करुण नायर त्या मोसमानंतर इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताकडून पुन्हा कसोटी खेळला आणि देशांतर्गत क्रिकेटसाठी कर्नाटकात परतला. विदर्भाशी दोनच मोसमांचं नातं. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूला दुलीप करंडकाचा सामना झाला, त्यात मध्य विभागाकडून दानिश मालेवारनं द्विशतक केलं. त्या डावात बराच वेळ त्याच्या दुसऱ्या टोकाला मध्य प्रदेशचा रजत पाटीदार होता, आणि त्याचंही शतक झालं.