हार्ट ओके, बाकीचं कोण बघणार?

तो फोटो तुम्ही पाहिलेलाच असणार. मागे शिबिराचा बॅनर, हार घातलेले पाहुणे, पुढे ओळीत उभी केलेली लहान मुलं आणि वर मथळा : 'चिमुकल्यांना जीवदान'. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण त्या मथळ्यानंतरच्या पूर्णविरामाशी आहे.

हजारात साधारण आठ-नऊ बाळं हृदयात दोष घेऊन जन्माला येतात. म्हणजे भारतात दरवर्षी दोन लाखांच्या वर. पूर्वी यातली गंभीर दोष असलेली मुलं शाळेचं तोंडही बघत नसत. आता ती जगतात, वाढतात, नववीत जातात. आणि तिथे पोचल्यावर आपण त्यांना आळशी ठरवतो.

माझी आतेबहीण थेरगावातच राहते, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे जुन्या बायका ज्याला 'निळं बाळ' म्हणायच्या तो प्रकार. दोन वर्षांची असताना दुसऱ्या शहरात ऑपरेशन झालं, छान झालं. आज नववीत आहे. पाढे तोंडपाठ, गाणी तोंडपाठ, गप्पांमध्ये मला ऐकत नाही. पण तीन पायऱ्यांचं गणित दिलं की दुसऱ्या पायरीवर पहिली विसरते. भूमितीची आकृती वहीत उतरवताना कोलमडते. पेपर कायम अर्धा सुटतो. शाळेच्या डायरीत शेरा ठरलेला : 'लक्ष देत नाही.' काका चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून येतात आणि त्या शेऱ्याखाली सही करतात. आत्याला विचारलं की म्हणते, "अरे, डॉक्टर म्हणाले ना हार्ट शंभर टक्के ओके. मग हिचं घोडं अडतं कुठे?"

अडतं कुठे, हे जगाला बऱ्यापैकी माहीत आहे. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकेत बोस्टनला १७१ तान्ह्या बाळांवर एक अभ्यास सुरू झाला. या बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा उलटसुलट होती. ऑपरेशनच्या वेळी शरीर थंड करून रक्तप्रवाह पूर्ण थांबवणं बरं की पंपाने थोडा चालू ठेवणं, असा मूळ प्रश्न होता. पण त्या संशोधकांनी मुलांना सोडलं नाही. एक, चार, आठ आणि सोळा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. सोळाव्या वर्षी आलेल्या १३९ मुलांची सरासरी बुद्धिमत्ता साधारण सर्वसामान्य निघाली. तरी त्यांच्यातल्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा वागणुकीसाठी खास मदत घ्यावी लागली होती. मेंदूच्या एमआरआयमध्ये ३३ टक्क्यांमध्ये काहीतरी वेगळं दिसलं, तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी मुलांमध्ये ४ टक्के.

म्हणजे बुद्धी आहे, पण तीन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, त्यांचा क्रम लावणं, वेळेत संपवणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं इथे अडचण येते. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर ठीक, रॅम कमी. (उपमा ढोबळ आहे, मेंदूवाले माफ करतील.) कारणंही एका जागी नाहीत. पोटात असतानाच मेंदूला ऑक्सिजन कमी मिळतो. काही गंभीर दोषांमध्ये पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदूही महिनाभर मागे असल्यासारखा दिसतो. मग हार्ट-लंग मशीन, आयसीयूतले दिवस, कधी फिट्स, कधी जनुकांमधलाच दोष. आपल्याकडे त्यात निदानाचा आणि पैशांचा उशीर मिसळतो, आणि तेवढा निळेपणाचा काळ लांबतो.

सगळ्यांनाच हे होतं असं नाही. छोटं छिद्र आपोआप बुजलेल्या मुलाच्या आईने हे वाचून रात्र जागवू नये. धोका जास्त आहे तो तान्हेपणी ओपन-हार्ट झालेल्यांना, निळ्या बाळांना, महिनोन्‌महिने हॉस्पिटलात काढलेल्यांना. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच अशा मुलांसाठी वेळापत्रक दिलं : एक ते दोन वर्षं, तीन ते पाच वर्षं आणि पुन्हा अकरा-बारा वर्षं. अकरा-बाराच का? कारण तोवर आई दप्तर भरते, बाई फळ्यावर क्रम लिहून देतात. पाचवी-सहावीनंतर क्रम स्वतः लावावा लागतो आणि झाकलेलं उघडं पडतं.

आता आपल्याकडचं बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. शून्य ते अठरा वर्षं, तीस आजारांची यादी. त्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. त्याच यादीत शिकण्यातली अडचण आहे, लक्ष न लागणंही आहे. पण पहिला 'जन्मजात दोष' या गटात, बाकीचे 'विकासातील विलंब' या गटात. एकाच मुलीत दोन्ही असू शकतात, किंबहुना एकामुळे दुसरं शोधायला हवं, ही रेघ कोण ओढणार? सॉफ्टवेअरमध्ये कोणी मोठा बदल लाइव्ह करून मॉनिटरिंग बंद केलं तर त्याला मीटिंगमध्ये उभं धरतात. इथे फोटो काढतात.

शिवाय ही शालेय तपासणी सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. थेरगाव-वाकड पट्ट्यात गल्लीगल्लीत खासगी इंग्लिश मीडियम शाळा आहेत आणि कंपनीत राबणारे आईबाप पोटाला चिमटा काढून मुलांना तिथेच घालतात. ती मुलं या चाळणीत येतच नाहीत.

"उगाच मुलीला शिक्का कशाला लावायचा?" हे मला घरातच ऐकवलं गेलं. आत्या, शिक्का डायरीत दर आठवड्याला लागतोय, फक्त तो चुकीचा आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सरकार हृदयाच्या ऑपरेशनचे लाखो रुपये भरतं. त्यापुढे मानसशास्त्रज्ञाचे दोन-तीन तास, कागद, पेन्सिल आणि ठोकळे हा काय खर्च झाला? आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याचं प्रमाणपत्र असेल तर दहावी बोर्डाच्या पेपरला जादा वेळ मिळतो. हृदयाचा दोष त्या यादीत नाही. म्हणजे नुसती ऑपरेशनची फाइल दाखवून काही मिळत नाही, चाचणी करावीच लागते. ती करायला सांगणारं कोणी नसेल तर नववीतली मुलगी पेपर अर्धा सोडून घरी येते.

म्हणून मागणी छोटी आहे. ज्या योजनेतून ऑपरेशनचे पैसे जातात, त्याच योजनेत अकराव्या-बाराव्या वर्षीची ही तपासणी धरा. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या टूडी-एकोची तारीख लिहिता, त्याखाली हीही लिहा. शाळा सरकारी असो की खासगी, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं आहे का' असा एक रकाना ठेवा, आणि उत्तर 'हो' असेल तर मुलीला पीटीच्या तासाला कोपऱ्यात बसवण्यापलीकडे काहीतरी करा.