दाखला शहरात, पोर गावात

कुणब्याचे, सुताराचे पोर वाचनात मागे पडले की मास्तर त्यास मठ्ठ ठरवितो आणि बाप म्हणतो, "ह्याच्या डोक्यात विद्या नाही, लावा औतामागे." पण त्यांतली काही पोरे बाजाराचा हिशेब तोंडी करतात, बिघडलेले इंजिन आवाजावरून ओळखतात. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड तेवढी त्यांस बसत नाही. दोन ओळी वाचताना घाम फुटतो. यास डॉक्टर लोक डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नव्हे. मागल्या जन्मीचे पाप तर नव्हेच नव्हे!

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अशा मुलांचाही समावेश झाला. परीक्षेत तासामागे २० मिनिटे जादा, आणि दोष शेकडा ४० वा अधिक ठरल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात राखीव जागा. मग आमच्या पोरांच्या पदरात हे का पडत नाही?

दाखल्यापायी. आधी डोळे-कान, मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखनाची. हे एका दिवसात उरकत नाही. जाणते तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांच्या इस्पितळांत, आणि त्यांच्यापुढे रांग. इस्पितळास आम्ही दोष देत नाही. माणसेच मोजकी आहेत. पण त्या मोजक्या माणसांचा वेळ कोणास मिळतो? ज्यास रोगाचे नाव ठाऊक आहे आणि चार हेलपाट्यांचे भाडे परवडते त्यास. २००७ च्या 'तारे जमीन पर'ने शहरच्या आईबापांस ते नाव शिकविले. आमच्या आयाबहिणींस कोणी शिकविले?

त्यात २०१८ च्या नियमांनी आठव्या वर्षीचा दाखला चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा काढावयास लाविला. अठरावे म्हणजे ऐन कॉलेजचे वर्ष! परके गाव, जाडी पुस्तके, भरभर बोलणारे प्राध्यापक. त्यात पोर लाजेने आपली अडचण कोणास सांगत नाही. पहिल्याच वर्षी नापास होऊन घरी येते, आणि गाव म्हणतो, झेपले नाही.

आमचे मागणे असे: महिन्यातून एक दिवस तज्ज्ञांनीच तालुक्याच्या इस्पितळात यावे. भाषेची सबब चालणार नाही. लहान वर्गांसाठी मराठी चाचणी २०१५ पासून तयार आहे. विद्यापीठांनीही नवा दाखला हाती येईपर्यंत जुन्यावर सवलत चालू ठेवावी.

आणि वाचकहो, घरी असे पोर असेल तर त्यास मारू नका. त्याचे डोळे-कान तपासून घ्या, मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून शाळेच्या पायऱ्या उतरू नका.