जुळलं नाही, तर तिचा काय दोष?

८ मे हा जागतिक थॅलॅसेमिया दिन. त्या निमित्ताने रक्तदानाची आवाहनं झाली, ती व्हायलाच हवीत. कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की रक्तपेढ्या ओस पडतात आणि थॅलॅसेमिया मेजरच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पण या सदरात मी ज्या वयाच्या पोरांबद्दल लिहिते, ती आजारी मुलांची किशोरवयीन भावंडं या धावपळीत कुठे असतात? वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर. मांडीवर गाइड, शेजारी डब्याची पिशवी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा एकच प्रश्न, "भाऊ कसा आहे गं?"

माझ्या ओळखीतली एक ताई दहावीला आहे. सतत रक्त चढवल्याने शरीरात लोह साचतं. ते बाहेर काढणारी गोळी ती रोज सकाळी अनशापोटी भावाला पाण्यात कालवून देते. गोळी पूर्ण विरघळत नाही, गाळ तळाशी बसतो. मग पुन्हा थोडं पाणी घालून तोही पाजायचा. तोवर शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते. भावाचा तिला रागही येतो. का येऊ नये?

तिच्या हाडातला मगज भावाला देण्याइतका जुळतो का, हे पाहायला तिची एचएलए तपासणी झाली. निकाल तिला कुणी सांगितला नाही, आई मामाशी फोनवर बोलताना तिने ऐकला, "नाही जुळलं." दोन दिवसांनी तिने मला विचारलं, "मावशी, आदल्या दिवशी मी वडापाव खाल्ला होता, त्यामुळे झालं का?"

ही तपासणी ज्या गुणांची असते, ते मूल निम्मे आईकडून घेतं, निम्मे वडिलांकडून. सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे न जुळणं हेच जास्त संभवतं. हे तपासणीच्या आधी सांगायला पाच मिनिटं लागतात. त्याऐवजी आपण काय म्हणतो? "आता ताईच वाचवणार तुला!" हे कौतुक नव्हे, पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलेला धोंडा आहे.

आणि जुळलं तर? भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढतात, शरीर तो काही आठवड्यांत भरून काढतं. कमर काही दिवस दुखते. संमतीपत्रावर सही पालकांची, कारण वय अठराच्या आत. पण ज्यांना एक लेकरू वाचवायचं आहे, त्यांनीच दुसऱ्याला "देशील ना?" विचारलं, तर ते लेकरू नाही कसं म्हणेल? उपचार करणाऱ्यांपैकी नसलेल्या एखाद्या समुपदेशकाने तिच्याशी एकटीशी बोलावं. आईबापांनी तेवढा वेळ बाहेर बसावं.

आणखी एक गोष्ट घरात दडपली जाते. मेजर नसलेलं भावंड मायनर, म्हणजे वाहक, असण्याची शक्यता तीनात दोन. वाहक आजारी नसतो. पण ती वाहक आहे का, ही तपासणी मुलीला न सांगता उरकायची आणि "लग्नाच्या वेळी बोलायचं नाही हं" असं कुजबुजायचं, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. तिच्याच रक्ताचा रिपोर्ट, आणि तो कपाटात भावाच्या फायलीत! तो आधी तिच्या हातात द्या. लग्न ठरवताना जोडीदाराचीही तपासणी करून घ्यायची असते, हे तिला आत्ताच कळू द्या.