खातं हलवा, पैसे मिळवा
ब्रिटनमध्ये करंट अकाउंट फक्त व्यापाऱ्यांचं नसतं. नोकरदाराचा पगार तिथेच जमा होतो आणि विजेचं बिलही तिथूनच कापलं जातं. असं खातं बदलणं पूर्वी डोकेदुखी होती. सप्टेंबर २०१३मध्ये 'करंट अकाउंट स्विच सर्व्हिस' सुरू झाली आणि सात कामकाजी दिवसांत सगळा संसार नव्या बँकेत हलू लागला. मग गिऱ्हाईक ओढायला बँकांनी रोख बक्षिसं लावली, बहुधा १०० ते २०० पौंडांची. चतुर मंडळींनी यात वरकमाईच शोधली. मुख्य खात्याला हात न लावता ती एक जादाचं खातं उघडतात, त्यावर दोन किरकोळ डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापली जाणारी देणी) लावतात आणि तेच खातं या बँकेतून त्या बँकेत नाचवतात. बक्षिसासाठी खात्यात १,५०० पौंड भरायची अट? सकाळी भरायचे, दुपारी काढून घ्यायचे! बँकाही काही दुधखुळ्या नाहीत. आधी बक्षीस नेलेल्याला पुन्हा देताना त्या हात आखडतात. घरकर्ज काढायचं असेल, तर मात्र हा खेळ काही काळ थांबवलेला बरा, कारण खात्यांसाठी केलेले अर्ज पतनोंदीत उमटू शकतात. आपल्याकडे मोबाइल क्रमांक २०११पासून देशभर कंपनी बदलून नेता येतो. खातेक्रमांकाचंही तसंच व्हावं, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७मध्ये सुचवलं होतं.