पुडीतले अर्थकारण

खेड्यातील किराणा दुकानाच्या चौकटीला तोरणासारखी लटकणारी शांपूच्या पुड्यांची माळ, आणि रोजंदारीवरून परतताना तीतली एकच पुडी तोडून घेणारी बाई, हे दृश्य ज्याने नीट न्याहाळले आहे, त्याला नित्योपयोगी वस्तूंच्या आधुनिक विक्रीशास्त्राचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. १९८३ साली तमिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी अवघ्या १५,००० रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शांपूचा उद्योग आरंभिला, तेव्हा महिन्याची बेगमी एकरकमी करण्याची ऐपत नसलेले कुटुंबही सन्माननीय गिऱ्हाईक आहे, हा वडिलांनी रुजविलेला विचार त्यांनी देशव्यापी केला. पुढे, या शतकाच्या आरंभी, हिंदुस्थान युनिलिव्हरने नलगोंडा जिल्ह्यापासून 'शक्ती' योजनेद्वारे बचतगटांतील स्त्रियांनाच विक्रेत्या केले. आणि दूरचित्रवाणी जेथे तुरळक, त्या बिहार-झारखंडात मिस्ड कॉल देणाऱ्याच्या कानी गाण्यांसोबत जाहिरातीही पोहोचविल्या.

ही कल्पकता आम्ही मनःपूर्वक वाखाणतो. परंतु पाच रुपयांचा भाव कायम ठेवून आतले वजन मात्र गुपचूप घटविण्याचा जो दस्तूर पडला आहे, आणि रित्या पुड्यांनी गावोगावची गटारे जी तुंबत आहेत, त्यांचा जाबही विक्रेत्यांनी दिलाच पाहिजे. गरिबाच्या दारी पोहोचणे हे कौशल्य खरे. त्याच्या पदरी पुरते माप घालणे हा धर्म होय. प्रस्तुत अंकातील लेख वाचकांनी याच कसोटीवर पारखावेत.